इंजिन मोठं झालं, कव्हर तोकडं पडलं

फॉरवर्ड कंट्रोल गाडीच्या ड्रायव्हरला इंजिन तापलंय हे काट्याच्या आधी डाव्या मांडीला कळतं. या गाड्यांना पुढे नाक नसतं. ड्रायव्हर आणि शेजारची सीट यांच्या मधोमध, पत्र्याच्या पेटीखाली इंजिन धडधडत असतं. त्या पेटीवर कोणी डबा ठेवतो, कोणी पावतीपुस्तक, आणि लग्नसराईत एखादा पाहुणाही तिच्यावर टेकतो. इंजिनाबद्दल तासन्‌तास बोलणारे पुष्कळ भेटतात, या पेटीबद्दल बोलणारा विरळा. उकव्यातल्या एका पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये मात्र सगळी चर्चा तिचीच चालली होती. गाडीचं इंजिन बदललं होतं आणि जुनं कव्हर नव्या इंजिनावर बसत नव्हतं.

बालाघाटहून बैहरकडे निघालं, गांगुलपाऱ्याकडून घाट चढून वर आलं की उकवा लागतं. मॉइल कंपनीची भूमिगत मँगनीज खाण ही गावाची ओळख. कंपनीचं मुख्यालय नागपूरला, आणि 1956 पर्यंत हा बालाघाट जिल्हाही नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. त्यामुळे इथला माणूस बोलणं हिंदीत सुरू करतो, घरच्यांशी पवारीत बोलतो, आणि समोर माझ्यासारखा गोंदियाचा कोणी असला की मराठीवर येतो. स्पेअर पार्ट आणायचे तरी तोंड गोंदिया-नागपूरकडेच वळतं. खाणीच्या गावात वेल्डिंग येणाऱ्या हातांना तोटा नाही. गाडीचा मालकही खाणीतल्या एका निवृत्त फिटरचा मुलगा.

गाडी महिंद्राची एफजे मिनिबस, ऐंशीच्या दशकातली. हिचं घराणं अमेरिकन. विलीस कंपनीने 1956 च्या अखेरीस जीपचं नाक छाटून, ड्रायव्हरला थेट पुढच्या चाकांवर बसवून एफसी-150 नावाचा छोटा ट्रक काढला. तिकडे तो साठच्या दशकाच्या मध्याला थांबला, महिंद्राने मात्र तो आपल्याकडे चालू ठेवला आणि पुढे त्याच बांधणीवर बंद बॉडीच्या व्हॅन आल्या. शाळेची गाडी, रुग्णवाहिका, पोलिसांची गाडी अशी तिची रूपं चाळिशीपुढच्या वाचकांना आठवत असतील.

या गाडीत मूळचं इंजिन होतं एक्सडीपी 4.90. महिंद्राने 1979 साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून परवाना घेऊन बनवलेलं, चार सिलिंडरचं, 2112 सीसीचं. इंजिन गुणी, पण हेड गॅस्केट गेलं की मालक नवं शोधायला फोन करकरून थकायचा आणि गाडी शेडमध्ये उभी राहायची. शेवटी त्याने महिंद्राचंच एमडीआय इंजिन आणलं, 2523 सीसीचं. बोलेरो आणि पिकअपमुळे याचे भाग कुठल्याही तहसिलीच्या गावात मिळतात. अश्वशक्ती पाहिली तर दोन्ही इंजिनांत फार अंतर नाही. अंतर आहे ते कमी आरपीएमला मिळणाऱ्या ओढीत, आणि घाटावर राहणाऱ्याला ओढच लागते.

ही ओढ फुकट येत नाही. एक्सडीपीचा पिस्टन 83 मिलिमीटर वरखाली होतो, एमडीआयचा 101.6. हा विचित्र आकडा म्हणजे बरोबर चार इंच. 1963 साली महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टर कंपनी काढली. तिच्या बी-275 ट्रॅक्टरच्या इंजिनाचा स्ट्रोक चार इंची होता, आणि एमडीआय त्याच वंशातलं. पुढे बोअर वाढला, स्ट्रोक तोच राहिला. स्ट्रोक लांबला की क्रँकचा हात लांबतो, पिस्टनला चढ-उताराला जास्त जागा लागते आणि ब्लॉक उंच होतो. नांगर ओढणाऱ्या इंजिनाची उंची ट्रॅक्टरवर कोणाला खुपत नाही, तिथे वर आभाळच असतं. व्हॅनमध्ये तीच उंची ड्रायव्हरच्या कोपराशी येते.

मग इंजिन थोडं खाली बसवा की, असं कोणीही म्हणेल. मीही म्हणालो. मिस्त्रीने उत्तर दिलं नाही. चेसिसखालचा जॅक सोडला, पाट्यांवर वजन येऊ दिलं आणि संप व पुढचा ॲक्सल यांच्यामधल्या फटीत हाताचा पंजा आडवा घालून दाखवला. गाडी उभी असताना पंजा जातो. भरल्या गाडीचं चाक खड्ड्यात आपटलं की पाटे दबतात, एकसंध ॲक्सल वर येतो आणि ती फट संपते. संप फुटला तर घाटातच ऑइल सांडणार. म्हणजे खाली जायला जागा नाही. फाउंडेशनचे रबर नवे टाकले, बोल्ट आवळले आणि तो म्हणाला, “इंजन त बसला जी, आता वरचा पाहा.”

वरचं पाहिलं. जुनं कव्हर टॅपेट कव्हरवर टेकून कलतं झालं होतं. पुढून तीन बोटं उचललेलं, आणि डिझेल पंपाच्या बाजूला पाइपांना घासत होतं.

इथे दोन रस्ते असतात. पहिला सोपा: जुनं फेकायचं, नव्या पत्र्याची चौकोनी पेटी वळवून बसवायची. बहुतेक जण हेच करतात आणि केबिनमध्ये धान्याची कोठी ठेवल्यासारखं दिसतं. इथे पत्र्याचं काम करणाऱ्या डेंटरने दुसरा घेतला. मूळ कव्हरचा माथा कारखान्यात दाबून काढलेला असतो. त्याचे गोल कोपरे आणि मधला हलका फुगवटा हातोडीने तसे येत नाहीत. हा फुगवटा शोभेचा नाही. सपाट पत्रा इंजिनाच्या थरथरीने ढोलासारखा वाजतो, फुगवट्याचा वाजत नाही. म्हणून माथ्याला हात लावायचा नाही, कमरेत कापायचं, वरचा भाग उचलायचा आणि मध्ये पट्टी घालायची.

ऐकायला हे शिंप्याच्या कामासारखं वाटतं. करताना लगेच अडतं, कारण कव्हर वर निमुळतं होत जातं. कमरेत कापून माथा तीन इंच उचलला, की खालची कड आणि वरची कड मापाने सारख्याच असतात, पण बाजूंचा उतार तुटतो. सरळ पट्टी घातली तर मध्येच उभी भिंत येते आणि कव्हर टोपी घातल्यासारखं दिसतं. उतार कायम ठेवायचा तर पट्टी तिरपी हवी, आणि तिरपी घातली की तिची वरची कड आखूड पडते, माथा तिच्यावर जुळत नाही. डेंटरने तोड काढली ती कोपऱ्यांत. माथ्याच्या भागाला समोर आणि मागे मधोमध उभी चीर दिली, दोन्ही बाजूंना केसभर आत घेतलं आणि चारही कोपऱ्यांचं गोलपण राखलं. हे सगळं आधी पुठ्ठ्यावर. टीव्हीचं खोकं फाडून त्याने पट्टीचा साचा केला, कव्हरला चिकटपट्टीने लावला, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, पुन्हा काढला. पुठ्ठा पसंत पडेपर्यंत पत्र्याला कात्री लागली नाही.

पट्टीला 18 गेजचा सीआर पत्रा घेतला, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा. सलग वेल्डिंग केलं तर पातळ पत्रा तापून वेडावाकडा होतो. म्हणून आधी नुसते टाके: एक पुढे, एक त्याच्या बरोबर समोर मागे, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येक टाक्यानंतर ओलं फडकं. टाक्यांमधलं अंतर निम्मं, मग त्याच्या निम्मं, असं करत कड भरली. शेवटी ग्राइंडर हलका फिरवला. हाताखालच्या मुलाने जोर लावला तेव्हा डेंटरने त्याचा हात धरला, कारण जास्त घासलं की सांध्याजवळचा पत्रा कागदासारखा होतो आणि वर्षभरात तिथूनच चिरतो.

आता कव्हर बसलं. पण बसलं म्हणजे झालं असं नाही. बंद इंजिन आणि चालू इंजिन यांची मापं वेगळी असतात. रबरावर टांगलेलं डिझेल इंजिन सुरू होताना आणि बंद होताना चांगलंच अंग झटकतं. ते किती हलतं हे मोजायला मिस्त्रीने घरून घट्ट मळलेली कणीक आणवली. लिंबाएवढे गोळे टॅपेट कव्हरवर, थर्मोस्टॅटच्या कोपऱ्यावर आणि डिझेलच्या पाइपांजवळ ठेवले, वरून तेल लावलं आणि कव्हर क्लिपांनी बंद केलं. सेल्फ मारला. रेस दिली. हँडब्रेक ओढून, गिअर टाकून, क्लच जरासा सोडून इंजिनाला जोर लावायला लावला आणि एकदम बंद केलं. कव्हर उघडल्यावर गोळ्यांच्या चकत्या झालेल्या. माथ्याजवळची चकती बोटभर जाड: ठीक. पाइपांजवळची मात्र पापडासारखी. तिथे कव्हरला आतून बाहेरच्या अंगाला ठोकून खोलगट वाटी काढली आणि परीक्षा पुन्हा घेतली. महागडी कॅमेऱ्याची तपासणी असती तरी यापेक्षा वेगळं काही सांगितलं नसतं, असं माझं मत.

आतलं अस्तर हा वेगळाच विषय. जुनं अस्तर कोरडं खरवडायचं नाही, हे मी इथे ठासून सांगतो. त्या काळातल्या गाड्यांत पत्र्यामागे ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. इथे ते पाणी मारून, ओलं असतानाच सोललं आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं. नव्या अस्तराला सिरॅमिक वूल, त्यावर इंजिनाच्या बाजूने ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. उघडी लोकर कधीच नको. तिच्यात डिझेल आणि ऑइलचे शिंतोडे मुरतात आणि तीच पुढे पेट घेते. मॅनिफोल्डच्या बाजूला ॲल्युमिनियम आणि अस्तर यांच्यात हवेची पोकळी सोडली. उष्णता अडवायला लोकरीच्या बरोबरीने ही रिकामी जागाही कामी येते.

आवाजाचं गणित त्याहून कडक. कव्हरच्या शंभराव्या भागाएवढी फट जरी उघडी राहिली, तरी पत्रा कितीही जाड असो, अडणारा आवाज वीस डेसिबलच्या पुढे जात नाही. म्हणून पैसे जाड रेक्झिनवर घालवण्याआधी कडेच्या रबरी बीडिंगवर घालवावेत. याच फटीतून धूरही येतो. मिस्त्रीने क्रँककेसच्या ब्रीदरची नळी लांब करून चेसिसखाली नेली, म्हणजे इंजिनाचा वाफारा केबिनमध्ये कोंडत नाही.

हे दुखणं जुनंच आहे. इंग्लंडमध्ये 1958 साली स्टँडर्ड ॲटलास व्हॅन आली ती 948 सीसीचं इवलंसं इंजिन घेऊन, तेही दोन सीटांच्या मध्ये. चढाला तिचा दम निघायचा. मग 1670 सीसीचं इंजिन आलं, पुढे दोन लिटरच्याही वरचं. बॉडी तीच, मधली पेटी तेवढी बदलत गेली. तीच व्हॅन पुढे मद्रासमध्ये स्टँडर्ड 20 या नावाने बनली. कारखान्यालाही जे टप्प्याटप्प्याने करावं लागलं, ते इथे उकव्याच्या रस्त्याकडेला दोन माणसं आणि एक मुलगा करत होते.

कव्हरला वरून मर्यादा असते ती माणसाची. मालकाला सीटवर बसवून, गिअर टाकायला लावून, त्याच्या कोपराखाली कव्हरवर खडूची रेघ मारली होती. वाढीव माथा त्या रेघेच्या आतच राहिला. डावीकडचा आरसा दिसतो की नाही तेही पाहिलं. एक गोष्ट मात्र मालकाला आवडली नाही: कव्हरवर आता कोणाला बसता येणार नाही, माथा उंच झाला. मला विचाराल तर हा या कामाचा सगळ्यात मोठा फायदा.

घाटाची परीक्षा उतरून पुन्हा चढताना झाली. चढावर वेग कमी, इंजिनावर जोर जास्त आणि रेडिएटरला वारा फक्त पंख्याचा. कव्हरखालची गरम हवा खालून निघून जाते की अडकते ते तिथेच कळतं. खनिजाच्या ट्रकमागे रांगत आम्ही वर आलो. काटा मध्याच्या थोडा वर जाऊन थांबला, कव्हरवर हात ठेवता येत होता. गिअर लिव्हरच्या रबरी बुटातून मात्र गरम झोत येत होता, आणि मागची एक क्लिप तिसऱ्या गिअरला खडखडत होती. बूट बदलला, क्लिपखाली रबर घातलं.

आता कागदपत्रांचं, कारण या हौसेत तेच सगळ्यांत शेवटी आठवतं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला मनाने करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेशी विसंगत बदलांना नोंदणीचा दरवाजा बंद केला. इंजिन बदलायचं तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी हवी आणि नवा इंजिन क्रमांक पुस्तकात चढायला हवा. ‘व्हिंटेज’ म्हणून मिरवायचं असेल तर 2021 च्या नियमांप्रमाणे गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात लागते. मोठं इंजिन बसवलेली व्हॅन त्यात कधीच बसणार नाही. तेव्हा तुमच्या शेडमध्ये अशी एखादी एफजे किंवा स्टँडर्ड उभी असेल, तर आधी तिला जपायचं की वापरायचं ते ठरवा. वापरायचं ठरलं तर जुनं इंजिन उतरवण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची परवानगी लेखी घ्या, आणि मिस्त्रीशी भाव ठरवताना कव्हरचं काम त्यात धरलंय का, ते विचारून घ्या.