फॅटी लिव्हर आणि वजन घटवणारी इंजेक्शने

यकृतात साधारण पाच टक्क्यांहून अधिक चरबी साठली की त्या अवस्थेला फॅटी लिव्हर म्हणतात. दारूशी संबंध नसलेला हा आजार बहुधा वाढते पोट, मधुमेह आणि रक्तातील वाढलेला मेद यांच्या सोबतीने येतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये त्याला असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात स्थान दिले. वजन घटवणे हा त्यावरचा मुख्य उपाय, आणि आता त्यासाठी आठवड्यातून एकदा टोचायची इंजेक्शने आली आहेत. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड ‘मौंजारो’ या नावाने भारतात आले, जूनमध्ये सेमाग्लुटाइड ‘वेगोवी’ या नावाने. त्याच वर्षी पुण्याच्या एम्क्युअर कंपनीने मूळ उत्पादकाशी करार करून सेमाग्लुटाइड ‘पोविझ्ट्रा’ म्हणून विकण्याचे ठरवले. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती.

ही औषधे आतड्यातील नैसर्गिक संप्रेरकांची नक्कल करतात. भूक मंदावते, जठर हळू रिकामे होते, जेवण कमी जाते. यकृतावर त्यांचा परिणाम बराचसा वजन आणि साखर उतरल्यामुळेच होतो. वजन पाच टक्के उतरले तरी यकृतातील चरबी घटू लागते; सूज आणि व्रण कमी होण्यासाठी मात्र दहा टक्क्यांच्या आसपास घट लागते. सेमाग्लुटाइडच्या ‘एसेन्स’ या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. यकृताला सूज आणि मध्यम ते बरेच व्रण असलेल्या आठशे रुग्णांचे ७२ आठवड्यांनंतरचे चित्र त्यात मांडले आहे. सेमाग्लुटाइड घेणाऱ्या ६२.९ टक्के रुग्णांची सूज व्रण न वाढता निवळली. औषधाविना हे प्रमाण ३४.३ टक्के होते. व्रण सुधारण्याचे आकडे मात्र ३६.८ आणि २२.४ टक्के, म्हणजे फायदा खरा पण मर्यादित. याच आधारावर अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये वेगोवीला या आजारासाठी मान्यता दिली. सिरोसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होणे, झालेल्यांना ती लागू नाही.

म्हणून इंजेक्शनआधीचा पहिला प्रश्न यकृतावर व्रण किती, हा असतो. सोनोग्राफीच्या अहवालातला ‘ग्रेड वन’ किंवा ‘ग्रेड टू’ हा शेरा चरबीचा अंदाज सांगतो, व्रणांविषयी काहीच सांगत नाही. ग्रेड वन वाचून निर्धास्त होणे आणि ग्रेड थ्री वाचून हादरणे, दोन्ही चूक. व्रणांचा प्राथमिक अंदाज साध्या रक्ततपासणीतून बांधता येतो. वयाला एसजीओटीने गुणायचे आणि त्या गुणाकाराला प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ याने भागायचे. वय ५०, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट दोन लाख असतील, तर उत्तर १.५ येते. ते १.३ पेक्षा कमी असेल तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी, २.६७ पेक्षा जास्त असेल तर बरीच. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात. अंक मधला आला तर फायब्रोस्कॅन ही यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी करून घ्यावी. पोटात पाणी, कावीळ, रक्ताची उलटी किंवा गुंगी असलेल्या सिरोसिसच्या रुग्णाने वजन घटवण्यासाठी ही इंजेक्शने घेऊ नयेत. त्याच्या शरीराला उपासमार झेपत नाही.

पुण्यात या विषयाला एक जास्तीचा पदर आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांची ‘बारीक पण चरबीयुक्त’ शरीरयष्टी जगापुढे मांडली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापून आले. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. ज्याच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू आधीच कमी, त्याच्यासाठी वजनकाट्यावरचा आकडा अपुरा आहे. या इंजेक्शनांनी उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि यकृताच्या आजारात स्नायू गमावणे विशेष महागात पडते. त्यामुळे पोटाचा घेर, हाताच्या पकडीतील जोर आणि जिना चढण्याची ताकद यांवरही लक्ष हवे. भूक मेल्यावर चहा-बिस्किटावर दिवस काढणे घातक. थोडेच खायचे तर त्यात आधी वरण, मोडाच्या मटकीची उसळ, पिठले, दही, पनीर, अंडे किंवा मासे असावेत, पोळी-भात नंतर. आठवड्यातून दोन-तीनदा वजने उचलण्याचा किंवा उठाबशांसारखा व्यायाम या उपचाराचाच भाग मानायला हवा.

मात्रा वाढवण्याची घाई करू नये. वेगोवी ०.२५ मिलिग्रॅमपासून आणि मौंजारो २.५ मिलिग्रॅमपासून सुरू होते. पहिली मात्रा चार आठवडे चालते. मळमळ, बद्धकोष्ठता, जुलाब अनेकांना सुरुवातीला होतात आणि बहुधा ओसरतात. उलट्या थांबत नसतील तर पाणी कमी पडून मूत्रपिंडावर ताण येतो. वजन झपाट्याने उतरल्यास पित्ताचे खडे होऊ शकतात. पोटातून पाठीकडे जाणारी न थांबणारी कळ स्वादुपिंडाच्या सुजेची असू शकते; अशा वेळी पुढची मात्रा न घेता रुग्णालय गाठावे.

स्वतःला किंवा घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झालेला असेल, तर ही औषधे वर्ज्य. गर्भारपणातही ती चालत नाहीत. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे. टिर्झेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते, म्हणून त्यांची मात्रा डॉक्टरांकडून आधी कमी करून घ्यावी. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला इंजेक्शनविषयी न विसरता सांगावे, कारण उपाशी असूनही जठरात अन्न राहिलेले असू शकते.

यकृताला धोका अनेकदा बाजूच्या गोष्टींतून येतो. वजन घटवणारे काढे आणि ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. करोनाकाळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. इंजेक्शन सुरू असताना असे काही जोडीला घेऊ नये, आणि दारू पूर्ण बंद असावी.

औषध बंद केल्यावर भूक परतते. सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांच्या एका अभ्यासात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आले. तेव्हा हा खर्च किती काळ पेलेल, याचा हिशेब इंजेक्शनचे पहिले पेन घेण्याआधीच मांडावा. न उघडलेले पेन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते. गोठलेले पेन टाकून द्यावे. जिम, ब्यूटी पार्लर किंवा समाजमाध्यमावरून ते घेऊ नये. डॉक्टरांची चिठ्ठी, पक्के बिल आणि थंड पेटी, या तिन्हींपैकी एक जरी नसेल तरी ते पेन परत करावे.