वहिनी, आता डिकॅफच प्यायची!

माझ्या माहेरी कॉफी रोजची नव्हतीच. एकादशीला, पाहुणे आले की, नाहीतर कुणाची परीक्षा असली की आई जायफळ किसून, वेलची घालून दुधातली कॉफी करायची. खरं व्यसन लागलं ते नोकरीत. माटुंग्याला उडप्याकडची फिल्टर कॉफी एकदा प्यायले आणि मग काही सुटली नाही. पन्नाशी आली तेव्हा दिवसाला चार कप होते. सासूबाई मोजायच्या!

गेल्या वर्षी मला धडधडायला लागलं. दोन जिने चढले की दम. दुपारी गळून जायचं आणि रात्री मात्र डोळे टक्क उघडे. घरच्यांनी एकमताने आरोपी पकडला, कॉफी. त्याच सुमारास धाकटी नणंद अमेरिकेहून आली. बॅगेतून तिने ड्रायफ्रूटऐवजी एक बरणी काढली. ‘‘वहिनी, आता हीच प्यायची. डिकॅफ. तब्येतीला चांगली.’’

डिकॅफ म्हणजे कॅफीन काढून घेतलेली कॉफी. हा उद्योग सुरू केला जर्मनीतल्या ब्रेमेनच्या लुडविग रोझेलियस या कॉफीच्या व्यापाऱ्याने, शंभरावर वर्षांपूर्वी. त्याचे वडील अती कॉफी पिऊन गेले, असं त्याला वाटे म्हणतात. त्याने कच्च्या बिया वाफवून बेन्झिनमध्ये कॅफीन उतरवलं. आज बेन्झिनमुळे कॅन्सर होतो हे ठाऊक आहे, म्हणजे तब्येतीसाठी काय प्यायचे ते बघा! आता ती पद्धत राहिली नाही. हल्ली मिथिलीन क्लोराइड किंवा इथाइल ॲसिटेट वापरतात, नाहीतर नुसतं पाणी आणि कोळशाची गाळणी, नाहीतर दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड. मिथिलीन क्लोराइड नाव ऐकून मी दचकलेच. पण अमेरिकेच्या नियमाप्रमाणे भाजलेल्या कॉफीत ते दहा लाख भागांत १० भागांपेक्षा जास्त राहता कामा नये. तरीही मनात किंतु असेल तर पाण्याने कॅफीन काढलेली कॉफी मिळते, बरणीवर तसं लिहिलेलं असतं.

आणि डिकॅफ म्हणजे कॅफीन शून्य नव्हे बरं का. मोठ्या मगभर साध्या कॉफीत साधारण ९५ मिलिग्रॅम कॅफीन असेल, तर डिकॅफमध्ये २ ते १५. आपल्या चहातही ते असतंच.

मी निष्ठेने बरणी सुरू केली. आठवड्याभरात झोप सुधारली. कारण सरळ आहे, पोटात गेलेलं निम्मं कॅफीन निघून जायलाच पाच-एक तास लागतात आणि माझा शेवटचा कप असायचा संध्याकाळी सातचा. मी खूश! चांगलीच आहे म्हटल्यावर चाराचे पाच कप झाले. जेवण झालं की लगेच एक. धडधड आणि दम मात्र तसाच.

दोन महिन्यांनी मुलीने धरून डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९. मी म्हटलं, ‘‘अहो, लोहाच्या गोळ्या चालू आहेत की. ऑफिसातल्या शिबिरात दिल्या होत्या.’’

‘‘कशाबरोबर घेता?’’ डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

‘‘जेवणानंतर. कॉफीबरोबर. पण डिकॅफ हं!’’

त्या हसल्याच. कॉफीतले पॉलिफिनॉल्स लोहाला धरून ठेवतात, ते अंगी लागू देत नाहीत. ते काम कॅफीनचं नव्हे, त्यामुळे डिकॅफही तेच करते. चहाही. म्हणजे चांगली चांगली म्हणत मी गोळीच वाया घालवत होते. मग त्यांनी पाळीबद्दल विचारलं. दीड वर्षं अंगावर फार जात होतं, आठ-आठ दिवस. या वयात होतं, जाईल आपोआप, असं म्हणून मी कुणाला सांगितलंच नव्हतं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. साधीच होती, उपचार झाले. पण दीड वर्ष मी आणि अख्खं घर कॉफीच्या कपाशी भांडत होतो! २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. त्यातल्या किती जणी गोळीवर चहा घेत असतील, कुणास ठाऊक.

मग डिकॅफ जास्त चांगली का? मी आता विचारते, कुणासाठी? मोठ्या पाहण्यांत रोज कॉफी पिणाऱ्यांना मधुमेह कमी झालेला दिसतो आणि तो साध्या कॉफीने तसाच डिकॅफनेही. अर्थात तो कॉफीमुळेच, असं त्यावरून सिद्ध होत नाही. ॲसिडिटीवाल्यांनी डिकॅफवर फार भिस्त ठेवू नये, पोटातलं आम्ल तिनेही वाढतं. ज्यांना कॅफीनने झोप येत नाही, हात थरथरतात, त्यांना ती खरंच सोयीची. गरोदरपणातही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५मध्ये एरवी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालेल असं सांगितलं, पण गरोदर बाईला २००. शेवटच्या महिन्यांत तर ते अंगातून फार सावकाश निघतं.

म्हणून उरलेली अर्धी बरणी भाचीला दिली, तिला सातवा लागलाय. मी सकाळी एक आणि चारला एक, साधीच फिल्टर कॉफी पिते. लोहाची गोळी रात्री, लिंबूपाण्याबरोबर.

सासूबाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडलाय. ‘‘त्या कॉफीतून काढलेलं ते जातं कुठं गं?’’

‘‘विकतात. औषधांच्या कंपन्यांना, आणि कोलासारखी थंड पेयं करणाऱ्यांना.’’

त्यांनी चष्मा सारखा केला आणि सोफ्यावर बाटली तोंडाला लावून बसलेल्या नातवाकडे बघितलं.