शिवडीत जोडलेली मोटार आणि आजची मोटार

भारतातला मोटारजोडणीचा पहिला मोठा कारखाना मुंबईतल्या शिवडीत उभा राहिला. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने तो १९२८मध्ये सुरू केला आणि १९५४मध्ये त्याला टाळं लावलं. मधल्या पाव शतकात शेव्हर्ले, पाँटिअ‍ॅक, ओल्ड्समोबिल, ब्युक या अमेरिकी मोटारी, इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल गाड्या आणि बेडफर्डचे ट्रक इथून देशभर गेले. याच नावांच्या गाड्या आज जुन्या मोटारींच्या मेळाव्यात उभ्या राहिल्या की पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे थबकतात. शेजारून जाणाऱ्या कोऱ्या, महागड्या गाडीकडे कुणी मान वळवत नाही. पण रोज कामावर जायला दोन्हींतली एक निवडा म्हटलं, तर हीच माणसं क्षणाचाही विचार न करता नवी गाडी घेतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. नवी गाडी माणसाला निश्चिंत करते. जुनी गाडी माणसाला कळते. ही दोन वेगवेगळी सुखं आहेत. त्यांतलं दुसरं आपण किती स्वस्तात गमावलं, हे समजून घ्यायला शिवडीचा हा कारखाना फार उपयोगी पडतो.

कारखाना शिवडीला आला तो बंदरामुळे. १९१४मध्ये अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आताची इंदिरा गोदी, सुरू झाली. १९१५मध्ये बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे धावू लागली आणि पूर्व किनाऱ्यावरच्या भरावाच्या जमिनीवर वखारी, कापसाची गोदामं, तेलाच्या टाक्या उभ्या राहत गेल्या. अख्खी मोटार जहाजातून आणायची तर ती निम्मी जागा हवेनेच भरते. तीच सुटी करून लाकडी खोक्यांत भरली तर भाडंही वाचतं आणि जकातही हलकी पडते. म्हणून इंजिन, धुरे, सांगाड्याचे गज, दारं, मडगार्ड असं सगळं खोक्यांतून शिवडीला यायचं. आधी सांगाडा उभा करायचा, त्याला धुरे आणि स्प्रिंगा बसवायच्या, इंजिन उतरवायचं, वर बॉडी चढवायची, रंग मारायचा. सुरुवातीला इथून निघालेली वाहनं शेव्हर्लेची होती. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करासाठी वाहनं जोडली गेली. १९४०च्या सुमारास फायरस्टोनचा टायरचा कारखानाही शिवडीतच आला. मुंबईचा गिरणगाव सूत काढत असताना त्याच्या पूर्वेच्या कडेला मोटारीची हत्यारं हातात धरणारा कामगार तयार होत होता.

या पद्धतीत एक गोष्ट गृहीत होती. मोटार बनली हजारो मैलांवर, पण ती उभी करायची मुंबईच्या कामगाराने, पाना, स्क्रू ड्रायव्हर, जॅक आणि नकाशा यांच्या बळावर. तेव्हा तिचा प्रत्येक भाग हाताला लागेल, डोळ्यांना दिसेल आणि पुन्हा खोलता येईल असाच असावा लागे. जी गाडी शिवडीत जोडता येते ती लालबागच्या गॅरेजमध्ये उलगडताही येते. जुन्या गाडीच्या मोहाचं मूळ मला इथे दिसतं. तिची बाकदार मडगार्ड आणि चकाकणारी जाळी नजर खेचून घेतात हे खरंच, पण बॉनेट उघडल्यावर जे दिसतं ते माणसाला धरून ठेवतं. तिथे झाकलेलं जवळपास काही नसतं.

उदाहरणार्थ ठिणगीचा भाग पाहा. इंजिनातलं पेट्रोल पेटवायला प्लगमध्ये ठिणगी लागते, आणि ती नेमक्या क्षणी पडावी म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली पॉइंटची एक छोटी जोडी असते. आतला दांडा फिरतो, त्याच्या उंचवट्याने पॉइंट उघडतात, कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्याच झटक्याने हजारो व्होल्टची ठिणगी प्लगपर्यंत पोचते. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. वापराने पॉइंट जळतात, फट बदलते आणि गाडी मिसिंग करू लागते. मिस्त्री टोपी काढतो, पॉइंट पॉलिशपेपरने घासतो, पोलादी पट्टी आत सरकवून फट मोजतो, स्क्रू आवळतो आणि गाडी पुन्हा एका सुरात चालू लागते. कार्बोरेटरचं तसंच: जेटमध्ये कचरा अडकला की ते खोलायचं, फुंकर मारायची, बसवायचं. बिघाड आणि त्याचं कारण एकाच नजरेच्या टप्प्यात असतात. मालक शेजारी उभा राहून हे पाहतो आणि चार-सहा वेळा पाहिलं की त्यालाही जमू लागतं. यंत्र वापरणाऱ्याला यंत्राची जाण देणं, हा जुन्या मोटारीचा सर्वांत मोठा गुण आहे.

या गुणाची दुसरी, जास्त मोठी साक्ष कुर्ल्याची. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या आणि पुढे इटलीच्या फियाटशी करार करून गाड्या बनवायला घेतल्या. १९६४मध्ये आलेली फियाट ११०० डी हीच सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ तशीच बनत राहिली. १,०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगखालचा गिअर, मागच्या चाकांना जाणारी ताकद, एवढाच तिचा संसार. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती मुंबईचं वाहन झाली, कारण तिचा भाग ऑपेरा हाउसच्या बाजारात, कुर्ल्यात, चोरबाजारात कुठेही मिळे आणि तो बसवणारा मिस्त्री प्रत्येक नाक्यावर असे. साडेतीन दशकं एकच गाडी चालत राहिल्याने तिच्याविषयीची माहिती कंपनीच्या मालकीची उरली नाही, ती शहराची झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २००३च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. तेव्हा मुंबईने जी हळहळ व्यक्त केली ती या सार्वजनिक ओळखीपोटी होती.

आता नव्या गाडीची बाजू पूर्ण जोर लावून मांडली पाहिजे, कारण ती भक्कम आहे. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा फियाटच्या मालकांना पहिल्यांदा कळलं की मोटार सकाळी एका चावीत सुरू व्हायलाच हवी, घाटात ती तापू नये, आणि मिस्त्रीचं तोंड महिनोन्‌महिने पाहावं लागू नये. त्यानंतरची प्रत्येक पिढी याच वाटेने पुढे गेली. आजच्या इंजिनात पॉइंट नाहीत, कार्बोरेटर नाही. धुरात उरलेला ऑक्सिजन एक सेन्सर मोजतो, संगणक त्यावरून इंजेक्टरने किती पेट्रोल सोडायचं ते क्षणाक्षणाला ठरवतो. ज्याला गाडी फक्त पोचण्यासाठी हवी आहे, त्याच्यासाठी यंत्राचा विसर पडणं हीच चैन आहे. म्हातारे आईवडील मागे बसलेले असताना, पावसाळ्यात, रात्री, अनोळखी रस्त्यावर ही निश्चिंती फार मोलाची आहे.

जुन्या गाडीचे चाहते यावर एक उत्तर नेहमी देतात: तेव्हाचं पोलाद जाड होतं, गाडी मजबूत होती. हे उत्तर सोडून द्यावं. पहिली गोष्ट म्हणजे १९२८च्या शेव्हर्लेच्या बॉडीत पत्र्याखाली लाकडी चौकट असे. दुसरी म्हणजे मजबुती आणि सुरक्षितता एक नव्हेत. २००९मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने १९५९ची शेव्हर्ले बेल एअर आणि २००९ची शेव्हर्ले मालिबू ताशी सुमारे ६४ किलोमीटरच्या वेगाने समोरासमोर आदळवल्या. एकाच कंपनीच्या, पन्नास वर्षांच्या अंतराच्या दोन गाड्या. जुन्या गाडीची पुढची चौकट चालकाच्या अंगावर आली, त्यात माणूस वाचला नसता. नवीच्या चालकाचं पायाच्या दुखापतीवर भागलं असतं. नवी गाडी स्वतः चुरगळून धक्का पिते आणि माणसाभोवतीचा पिंजरा शाबूत ठेवते. आज शिवडीहून निघणाऱ्या अटल सेतूवर ताशी १०० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. त्या वेगाला चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली, एअरबॅग नसलेली गाडी नेणं ही हौस म्हणूनही समर्थनीय ठरत नाही.

दुसरा आक्षेप धुराचा, आणि तोही खरा आहे. पेट्रोल इंजिनाचा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायचा तर एक भाग पेट्रोलाला वजनाने १४.७ भाग हवा हे प्रमाण सतत सांभाळावं लागतं. हे कार्बोरेटरच्या आवाक्याबाहेरचं काम आहे. महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आणि कन्व्हर्टर १९९५मध्ये आले आणि पॉइंट-कार्बोरेटरच्या गाडीचा काळ तेव्हाच संपत आला. लाखो जुन्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणा असं कुणी म्हणत असेल तर त्याला मुंबईच्या हवेची काळजी नाही. केंद्राने २०२१मध्ये केलेला नियम या बाबतीत समंजस आहे: पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते, पण रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला त्या काढता येत नाहीत. वर्षातून मोजक्या दिवशी निघणाऱ्या गाडीमुळे शहराची हवा बिघडत नाही, आणि इतिहासाचा एक चालता पुरावा टिकून राहतो.

तिसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. जुन्या गाड्यांचं प्रेम म्हणजे श्रीमंतांचा छंद, आणि पद्मिनीचं गुणगान म्हणजे परवाना राज्याची आठवण. पर्याय नव्हता म्हणून लोकांनी तीच गाडी वर्षानुवर्षं रांग लावून घेतली. यातलं दुसरं मान्यच आहे. पद्मिनी बदलली नाही याचं श्रेय कुणाच्या दूरदृष्टीला देता येणार नाही, बंदिस्त बाजारात बदलायची गरजच पडली नाही. पण कारण वाईट असलं तरी परिणामात एक चांगली गोष्ट होती, आणि ती वेगळी काढून पाहता येते: टिकाऊ रचना, सर्वांना मिळणारे भाग, खुली माहिती. श्रीमंतीच्या आक्षेपाचं उत्तरही त्यातच आहे. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार निघते तेव्हा ती पाहायला लोटणारी गर्दी मोटारमालकांची नसते. आणि फियाटवर पोट चालवणारे टॅक्सीवाले व मिस्त्री तर छंदी मुळीच नव्हते. यंत्र कळणं ही त्यांची मिळकत होती.

उरतो सर्वांत महत्त्वाचा आक्षेप. सुरक्षा आणि स्वच्छ धूर हवा तर संगणक आणि सेन्सर आलेच. मग गाडी मालकाला कळेनाशी होणं ही त्याची अपरिहार्य किंमत नाही का? मला ती अपरिहार्य वाटत नाही, आणि पुरावा आपल्याच देशातला आहे. २०१४च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि बिघाड शोधणारी उपकरणं स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू न देणं, हा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण मुद्दा स्पष्ट झाला. नवी गाडी गुंतागुंतीची आहे म्हणून मिस्त्रीच्या हातातून गेली हे अर्धंच सत्य आहे. उरलेलं अर्धं हे की तिची किल्ली त्याला दिली गेली नाही. स्कॅनर मिळाला, दोषांच्या संकेतांची यादी मिळाली, तर फियाटचे पॉइंट घासणाऱ्या मिस्त्रीचा मुलगा सेन्सरही वाचतो. मुंबईतल्या अनेक गॅरेजांत आज तेच चाललं आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं काम हाती घेतलं तेव्हा मोबाइल आणि शेतीच्या अवजारांबरोबर वाहनांचाही त्यात समावेश केला, तो याच गरजेपोटी.

या हक्काचं मोल शिवडीच्या इतिहासात लख्ख दिसतं. सुटे भाग इथे बनवणार नसाल तर जोडणी थांबवा, असं धोरण १९५३मध्ये आलं आणि जनरल मोटर्स व फोर्ड दोघांनीही भारतातलं काम आवरलं. कंपन्या गेल्या, पण त्यांच्या गाड्या पुढेही अनेक वर्षं धावत राहिल्या, कारण त्या चालू ठेवायला कंपनी लागत नव्हती. चाळीस वर्षांनी दोघी परत आल्या आणि पुन्हा गेल्या: जनरल मोटर्सने २०१७अखेर भारतातली विक्री थांबवली, २०२०मध्ये तळेगावचं उत्पादन बंद केलं, आणि फोर्डने २०२१मध्ये इथलं उत्पादन संपवत असल्याचं जाहीर केलं. या वेळी ग्राहकाचा पहिला प्रश्न होता, आता भाग आणि सेवा कोण देणार. कंपन्यांनी सेवा चालू ठेवण्याची हमी दिली हे चांगलंच झालं. पण १९५४च्या मालकाला अशी हमी मागावी लागली नव्हती. गाडीचं सॉफ्टवेअर जसजसं वाढत जाईल, तसतसं हे परावलंबन वाढणार आहे.

म्हणून जुनी की नवी हा वाद रस्त्यापुरता संपलेला आहे आणि तो नव्या गाडीने जिंकला आहे. एअरबॅग, एबीएस, स्वच्छ धूर यांपैकी काहीही सोडण्याचं कारण नाही. पण मोटार विकत घेताना तिच्या आत काय चाललं आहे ते जाणून घेण्याचा, ते आपल्या पसंतीच्या माणसाकडून दुरुस्त करून घेण्याचा आणि बनवणारा निघून गेला तरी ती चालवत राहण्याचा हक्क शिवडीच्या मोटारीबरोबर मालकाला आपोआप मिळत असे. आज तो कायद्याने मागून घ्यावा लागेल. जुन्या गाड्यांवर ज्यांचं मनापासून प्रेम आहे, त्यांनी ही मागणी सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्या आवाजात करायला हवी.