नाण्याएवढ्या घटाच्या दोन तारा

तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी तो १८०३ मध्ये कोरवून घेतला. दगडावर एकदा उमटलेला काळ दोनशे वर्षे जागच्या जागी राहतो. त्याला राखणदार लागत नाही. आजच्या लेखनयंत्राचे, म्हणजे लॅपटॉपचे, तसे नाही. आज कोणता दिवस आहे हे त्याला कोणीतरी सतत सांगत राहावे लागते. यंत्र बंद असताना, त्याची मोठी बॅटरी पार उतरलेली असताना, हे काम नाण्याएवढा एक विद्युत्घट करीत असतो. दुरुस्तीच्या दुकानांत त्याला ‘सीमॉस बॅटरी’ किंवा ‘बटन सेल’ म्हणतात. हा घट संपला म्हणजे काय होते, आणि नव्या घटाला तारा जोडताना कोणता धोका संभवतो, याचा आज विचार करू.

लॅपटॉपच्या पोटात क्वार्ट्झ स्फटिकाचा एक बारीक तुकडा असतो. तो एका सेकंदात ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा सहज निवडलेला नाही. त्याची पंधरा वेळा निम्मी-निम्मी वाटणी केली की बरोबर एक उरतो, आणि सेकंदाचा एक ठोका मिळतो. या घड्याळाला लागणारी वीज अत्यल्प असते. ती अँपिअरच्या तीन दशलक्षांशांएवढी धरली, तर २२० मिलिअँपिअर-तासांचा घट हिशेबाने आठ वर्षांहून अधिक पुरावा. यंत्र चालू असताना घड्याळाचा भार बहुधा मुख्य वीजपुरवठाच उचलतो. तरीही घट आतल्या आत झिजत असतो, आणि उष्ण हवेत ही झीज वाढते. कावेरीच्या खोऱ्यातील उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना याविषयी अधिक सांगणे नलगे.

घट संपल्याची लक्षणे मोठी चमत्कारिक असतात. यंत्र सुरू होते, परंतु तारीख दहा-पंधरा वर्षे मागे गेलेली असते. मग इंटरनेटवरील सुरक्षित स्थळे उघडत नाहीत. प्रत्येक स्थळाच्या प्रमाणपत्राला प्रारंभाची आणि समाप्तीची तारीख असते, आणि चुकीच्या काळात वावरणाऱ्या यंत्राला ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नाही असे वाटते! काही यंत्रे सुरुवातीलाच अडून बसतात आणि चूक झाल्याची सूचना पडद्यावर दाखवितात. मालकाची समजूत होते की यंत्रच निकामी झाले.

तंजावूरसारख्या गावी हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा नाही. तमिळनाडू शासनाने २०११ पासून काही वर्षे शासकीय व शासनसाहाय्यित शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटले. अनेक घरांत आलेला तो पहिला संगणक होता. त्या पहिल्या वर्षांतील यंत्रांच्या घटांचे वय आता उलटून गेले आहे. थोडक्या पैशांच्या घटापायी असे यंत्र भंगारात जावे, ही गोष्ट परवडण्यासारखी नाही. आणि ते वाचविण्याच्या घाईत हात भाजावा, हीही नाही.

घट म्हणजे काय हे समजण्यासाठी पुन्हा सरफोजी महाराजांच्या काळाकडे वळू. १७९८ मध्ये गादीवर आलेल्या या विद्याव्यासंगी राजाच्या संग्रहात ग्रंथांबरोबर हवा काढून घेणारा पंप होता, आणि घर्षणाने वीज उत्पन्न करणारे यंत्रही होते. त्या यंत्रातून ठिणगी उडे आणि क्षणात नाहीशी होई. वीज संथपणे, अखंड वाहती ठेवण्याची युक्ती १८०० मध्ये इटलीतील व्होल्टाने जाहीर केली. दोन भिन्न धातूंच्या चकत्या आणि त्यांच्यामध्ये खाऱ्या पाण्यात भिजविलेला पुठ्ठा, एवढीच ती रचना होती. आपला नाणेघट हा त्याच चकतीचा वंशज होय.

त्यावर बहुधा ‘सीआर २०३२’ असे लिहिलेले असते. यांतील २० म्हणजे वीस मिलिमीटर व्यास, आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. आत एका बाजूस लिथियम धातूची चकती, दुसऱ्या बाजूस मँगॅनीज डायऑक्साइडची वडी, आणि दोहोंमध्ये पेट घेऊ शकणाऱ्या सेंद्रिय द्रवात भिजलेला सच्छिद्र पडदा असतो. बाहेरून पोलादाची वाटी आणि तिचे झाकण. या दोहोंचा एकमेकांस स्पर्श होऊ नये आणि आतील द्रव बाहेर येऊ नये, म्हणून कडेने प्लास्टिकचे कडे बसविलेले असते. घटाचा दाब तीन व्होल्ट.

मेजावरील संगणकात हा घट खोबणीत बसतो. जुना काढावा, नवा घालावा, काम संपले. पुष्कळ लॅपटॉपमध्ये मात्र जागेच्या अडचणीमुळे तो प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळलेला असतो, आणि त्यातून निघालेल्या तांबड्या व काळ्या तारा एका चिमुकल्या कनेक्टरला पोहोचतात. बाजारात सुटा घट सहज मिळतो. तारांसह हवा तसा मिळतोच असे नाही. मग साहजिकच मनात येते की, जुन्या तारा काढून नव्या घटाला डाख लावून चिकटवाव्यात.

खरा धोका येथेच आहे. लिथियम सुमारे १८०.५ अंश सेल्सिअसला वितळते. कथील आणि शिसे यांचा नेहमीचा डाख १८३ अंशांना वितळतो, आणि शिसे नसलेला सुमारे २१७ अंशांना. सोल्डरिंग आयर्नचे टोक तर तीनशे अंशांच्याही पुढे तापलेले असते. त्यातून पोलादाची वाटी उष्णता शोषून घेते. डाख लवकर धरत नाही, म्हणून कारागीर टोक अधिक वेळ दाबून धरतो. तेवढ्यात कडेचे प्लास्टिक मऊ पडते, आतील द्रवाची वाफ होते, पडदा आक्रसतो. घट फुटू शकतो, पेटू शकतो. बहुतेक वेळा असे काही दिसत नाही, आणि तेच अधिक फसवे आहे: घट त्या दिवशी चालतो, आणि सांध्यातून हळूहळू झिरपत काही आठवड्यांत मरतो, जाताना शेजारच्या तांब्याच्या रेषाही खराब करतो.

कारखान्यात ही जोडणी वेगळ्या रीतीने होते. निकेलची पातळ पट्टी घटावर ठेवून तिच्यावर दोन टोके जवळजवळ टेकवितात, आणि सेकंदाच्या काही सहस्रांश काळापुरता फार मोठा प्रवाह सोडतात. उष्णता पट्टी आणि वाटी यांच्या स्पर्शबिंदूवरच निर्माण होते. ती आत पोहोचण्यापूर्वी काम संपलेले असते. याला स्पॉट वेल्डिंग म्हणतात.

यावरून दुरुस्तीचा मार्ग स्पष्ट होतो. सर्वांत उत्तम म्हणजे तारा व कनेक्टर यांसह तयार घट मिळवावा. तो न मिळाल्यास, कारखान्यातच पट्ट्या जोडलेला घट घ्यावा, आणि जुन्या तारा त्या पट्ट्यांच्या टोकांना डाखाव्यात. येथे डाख चालतो, कारण पट्टीचे टोक घटापासून दूर असते. तार व पट्टी यांवर आधी वेगवेगळी कल्हई चढवावी. म्हणजे प्रत्यक्ष जोड क्षणार्धात होतो. आत जागा असेल तर तारांची खोबण वापरावी. मग आयर्न घटाजवळ न्यावेच लागत नाही. चिकटपट्टीने तार दाबून बसविण्याचा उपाय पुष्कळजण करतात. परंतु असा स्पर्श उन्हाळ्यात पट्टीचा डिंक सैल झाला की सुटतो, आणि सुटलेली तार कोठे टेकेल याचा नेम नसतो.

आणखी तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, ध्रुव. अधिक चिन्ह असलेली रुंद, सपाट बाजू धन. तिची वाटी घटाच्या कडेवरही वर आलेली असते. म्हणून ऋण बाजूची पट्टी कडेला टेकली की घट तेथेच शॉर्ट होतो. मध्ये विद्युत्‌रोधक चकती ठेवावी आणि वरून आवरण चढवावे. तारांच्या रंगावर विसंबू नये. जुन्या कनेक्टरचे कोणते छिद्र धन होते हे मल्टिमीटरने पाहून नवी जोडणी तशीच करावी. दुसरी, जात. ‘सीआर’ हा पुन्हा भारित न होणारा घट आहे. काही लॅपटॉपमध्ये ‘एमएल’ किंवा ‘व्हीएल’ अक्षरांचा, पुन्हा भारित होणारा घट असतो. त्याच्या जागी ‘सीआर’ बसविल्यास यंत्र त्यात वीज भरू पाहील, आणि अनर्थ होईल. जुन्यावर जी अक्षरे असतील तीच नव्यावर हवीत. तिसरी, क्रम. यंत्र बंद करून चार्जर काढावा, मुख्य बॅटरीचा संबंध तोडावा, मगच घटाला हात लावावा. यंत्रातील माहिती कुलूपबंद ठेवलेली असेल, तर ते उघडण्याची लांब किल्ली आधी लिहून ठेवावी. घट काढल्यावर ती विचारली जाण्याचा संभव असतो. शेवटी तारीख व वेळ पुन्हा लावावी.

काढलेला घट मेजावर पडू देऊ नये. लहान मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर लाळेतून प्रवाह वाहू लागतो, ऋण बाजूपाशी तीव्र अल्कली तयार होते, आणि दोन तासांच्या आत अन्ननलिका गंभीरपणे भाजू शकते. यंत्राच्या दृष्टीने मेलेल्या घटातही याला पुरेशी शक्ती उरलेली असते. अशी शंका आली तरी उलटी न करविता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. म्हणून जुन्या घटाच्या दोन्ही बाजूंवर चिकटपट्टी लावावी, तो बंद डबीत ठेवावा आणि टाकाऊ बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्राकडे द्यावा. नवा घटही वेष्टनातून काम सुरू करतानाच काढावा.

सारांश, या कामात कौशल्य थोडे आणि संयम अधिक लागतो. पट्ट्या जोडलेल्या घटासाठी चार दिवस थांबावे लागले तर थांबावे. तेवढे दिवस यंत्राची तारीख रोज हाताने लावून काम भागते. तापलेले टोक घटावर टेकविण्याची निकड कधीच नसते.