एकशेऐंशी डी आणि स्विफ्ट

पोर्तुगीज अमलात गोव्याने मोटारींची एक चैन भोगली. पत्रादेवीपलीकडे परदेशी गाडी आणायची तर आयातीचे कडक निर्बंध आडवे येत; इकडे मुरगाव बंदरात जर्मन गाड्या उतरत. डिचोली-साखळीचे लोहखनिज जपानला जाऊ लागले, पैसा खेळू लागला आणि मुंबईत शेठजींच्या बंगल्यात शोभावी अशी डिझेल मर्सिडीज गोव्यात चक्क भाड्याने धावू लागली.

त्यातलीच एक जात 1954 ची 180 डी. आजच्या टॅक्सीवाल्याच्या हाती असते तसली स्विफ्ट तिच्याशेजारी उभी करा. स्विफ्ट धाकटी दिसते, पण फीत लावली की गंमत कळते: मर्सिडीज 1.74 मीटर रुंद, नवी स्विफ्ट 1.735! मुळगावच्या अरुंद वळणावर समोरून बस आली तर दोघींनाही सारखेच अंग चोरावे लागेल. फरक लांबीचा, तो साधारण 60 सेंटिमीटरचा. आणि त्यामागे सरकारी हिशेबही आहे. 2006 च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात सवलत दिली, तेव्हापासून कारखानदार गाड्यांच्या शेपट्या छाटू लागले.

खरी तफावत बॉनेटखाली. 180 डीचे इंजिन 1767 सीसीचे, ताकद सुरुवातीला 40 अश्वशक्ती. ओढायचे बाराशे किलोंहून जास्त. स्विफ्टचे 1197 सीसीचे इंजिन 82 अश्वशक्ती देते आणि गाडी भरते हजार किलोंच्या आत. जुने इंजिन मिनिटाला 3200 फेऱ्यांत आपले सर्वस्व देऊन मोकळे होई, नवे 5700 पर्यंत चढते. म्हणून मोप्याच्या चढणीवर स्विफ्ट सहज निघून जाते; मर्सिडीजला वेळेवर खालचा गिअर टाकावा लागतो, तोही स्टिअरिंगलगतच्या दांड्याने. सुरू करण्याचाही सोहळाच: आधी हीटर तापवायचे, डॅशवरची तार लाल झाली की मग स्टार्टर. मला हा सोहळा आवडतो, पण घरचे माणूस आजारी असताना आवडणार नाही.

“जुनं लोखंड ते लोखंड” असे म्हणणाऱ्यांशी मात्र माझे भांडण आहे. धडकेत पुढचा भाग चुरगळून आतली माणसे वाचावीत, ही बेला बारेनी यांची कल्पना. मर्सिडीजनेच ती 1959 च्या मॉडेलात प्रथम आणली. 180 डी त्याआधीची. तिला ना सीटबेल्ट, ना डिस्क ब्रेक. नव्या स्विफ्टला सहा एअरबॅग आणि एबीएस आहे. पत्रा पातळ असेल, पण तो विचार करून पातळ केलेला आहे.

एका बाबतीत म्हातारी जिंकते. तिच्यात बिघाड झाला तर पाना आणि कान पुरतात. स्विफ्टचा सेन्सर रुसला की गॅरेजवाला आधी स्कॅनर जोडतो आणि बऱ्याचदा अख्खा भागच बदलतो.

तेव्हा रोजच्या पेडणे-डिचोली फेऱ्यांना छोटी गाडीच घ्यावी. पण परसात ताडपत्रीखाली एखादी मर्सिडीज असेल तर भंगारवाल्याला बोलावू नका. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार मूळ रूपातल्या, 50 वर्षांवरच्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते आणि आधीची नोंदणी असेल तर जुना नंबरही राखता येतो. ती भाड्याने किंवा रोज चालवता येणार नाही, एवढेच. आधी घरातले जुने कागद शोधा.