एका गोळीचा हिशेब

बँकेच्या नोकरीत बंदूक रोज पाहिली. शाखेच्या दाराशी स्टुलावर बसलेल्या पहारेकऱ्याच्या मांडीवर ती असायची; दुनळी, बारा बोअरची. ‘बारा बोअर’ म्हणजे काय, हे मात्र आमच्यापैकी कोणी कधी विचारले नाही. एक रत्तल शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतल्या एकीचा जो व्यास भरेल त्या व्यासाची नळी म्हणजे बारा बोअर. म्हणून सोळा बोअरची बंदूक बारापेक्षा लहान! आकडा वाढला की नळी अरुंद. रायफलीचे तसे नाही. तिथे व्यास सरळ इंचांत किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात आणि त्याला कॅलिबर म्हणतात.

हे ज्ञान मला साठी उलटल्यावर मिळाले, तेही स्कॉटलंडमध्ये. धाकटी मुलगी आणि जावई इनव्हर्नेसजवळ राहतात. त्यांचे शेजारी निवृत्त स्टॉकर. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, कधी पोटावर सरपटत, हरणाच्या जवळ जाऊन एकाच गोळीत त्याला टिपणे याला तिकडे स्टॉकिंग म्हणतात आणि तो रीतसर पगारी व्यवसाय आहे. संध्याकाळी कुंपणापाशी त्यांच्या गप्पा रंगत. ‘जन्मभर शाकाहारी राहिलेल्या माणसाने हे काय ऐकत बसायचे?’ असे सौ. म्हणत. पण मला ऐकावेसे वाटे, कारण हा गृहस्थ शौर्याच्या गोष्टी सांगत नव्हता. तो हिशेब सांगत होता.

पहिला प्रश्न साहजिकच असा, की हरणे मारायचीच कशाला? स्कॉटलंडमधला लांडगा अठराव्या शतकापर्यंत नाहीसा झाला. लिंक्स नावाचे रानमांजर त्याच्याही कितीतरी आधी गेले. हरणांना खाणारे कोणी उरले नाही. हरणे वाढली, पाइन आणि बर्चची कोवळी रोपे वर येण्याआधीच खुडली जाऊ लागली आणि डोंगर उघडे राहिले. म्हणून दरवर्षी ठरवून हरणे मारली जातात आणि त्यांचे मांस बाजारात येते. लांडग्याचे काम माणसाने अंगावर घेतले आहे. लांडग्याला मात्र परवाना लागत नसे.

ब्रिटनमध्ये हरणांच्या सहा जाती आहेत. रेड आणि रो या तिथल्या मूळच्या. फॅलो, सिका, मुंटजॅक आणि चिनी वॉटर डिअर या बाहेरून आणलेल्या. मुंटजॅक म्हणजे आपल्या भेकराचा चिनी चुलतभाऊ, फार तर पंधरा-सोळा किलोचा. रो पंचवीस किलोच्या आसपास. रेड जातीचा नर मात्र शंभर किलोंच्या सहज पुढे जातो. आता या सर्वांना पुरेल अशी एकच रायफल कोणती? हा प्रश्न हौसेचा नाही. तिकडे पोलिसांच्या परवान्यावर प्रत्येक रायफल, तिचे कॅलिबर आणि जवळ किती काडतुसे ठेवायची हे सारे नोंदलेले असते. प्रत्येकीसाठी सबळ कारण दाखवावे लागते. आमच्याकडे कर्जाच्या अर्जाला लागत नसत तेवढे प्रश्न त्या अर्जाला लागतात!

कायद्याची भाषा ऐकून मी थक्क झालो. इंग्लंडमध्ये १९६३ चा हरीण कायदा होईपर्यंत हरणांवर शॉटगनचे छरे झाडले जात, फास लावले जात. जखमी जनावर झुडपात जाऊन दोन-दोन दिवस तडफडत मरे. त्याची दखल घेत नियम आले. आज लागू असलेल्या १९९१ च्या कायद्यानुसार मोठ्या हरणांसाठी रायफलीचे कॅलिबर किमान ०.२४० इंच हवे आणि नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा किमान १७०० फूट-पाउंड. म्हणजे एक पाउंडाचे वजन १७०० फूट उचलण्याएवढी. शिवाय गोळी शरीरात शिरल्यावर पसरणारीच हवी. आरपार भोक पाडून जाणारी लष्करी गोळी चालत नाही. स्कॉटलंडचे नियम वेगळे. त्यांत ऊर्जेबरोबर गोळीचे वजन आणि वेगही ठरवून दिला आहे. मरण कसे असावे याची किमान पातळी सरकारने आकड्यांत लिहून ठेवली आहे.

या चौकटीत तीन-चार नावे पुन्हा पुन्हा येतात. ०.३०८ विंचेस्टर हे काडतूस १९५२ साली आले. त्याचीच मान आवळून १९५५ मध्ये ०.२४३ तयार झाले. ०.२४३ ची गोळी हलकी, साधारण १०० ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅमची. खांद्याला धक्का कमी. नवख्यांना हीच देतात. ०.३०८ मध्ये १५० ते १८० ग्रेनची गोळी चालते. काडतुसे कुठेही मिळतात, पण धक्का जाणवतो. या दोहोंच्या मधली ६.५ बाय ५५, स्वीडन आणि नॉर्वेच्या सैन्यांसाठी १८९४ च्या सुमारास स्वीकारलेली. लांब, सडपातळ गोळी. खोल जाते आणि खांद्याला त्रास देत नाही. सव्वाशे वर्षांनंतरही ती टिकून आहे.

धक्क्याला एवढे महत्त्व का? शेजाऱ्यांनी समजावले. मोठ्या रायफलीचा धक्का एकदा बसला की पुढच्या वेळी माणूस चाप ओढण्याआधीच नकळत डोळे मिटतो, खांदा आखडतो. गोळी चार इंच सरकते. चार इंचांत काळीज सुटते आणि पोट फुटते.

इथे आपल्या ओळखीचे एक नाव येते. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला १९०७ साली संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी जी रायफल भेट दिली, ती ०.२७५ रिग्बी. म्हणजे जर्मन ७ बाय ५७ माउझरचे इंग्रजी बारसे. त्याच कॅलिबरने वॉल्टर बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत शेकडो हत्ती मारले. इतर शिकारी तोफेएवढ्या रायफली बाळगत होते, तेव्हा बेल हत्तीच्या कवटीची रचना अभ्यासत होता. त्याच्या संहाराचे कौतुक करवत नाही. पण गोळी किती मोठी यापेक्षा ती कुठे लागते हे महत्त्वाचे, हा त्याचा धडा आजही शिकवला जातो. ब्रिटनमधल्या स्टॉकरच्या परीक्षेत शंभर मीटरवरून चार इंची वर्तुळात गोळ्या बसवून दाखवाव्या लागतात. तिथे रायफलीची किंमत कोणी विचारत नाही.

अलीकडे या हिशेबात एक नवी नोंद आली आहे. शिशाचे बारीक कण मांसात उतरतात आणि टाकून दिलेली आतडी खाणाऱ्या गरुडांच्या पोटातही जातात. म्हणून तांब्याच्या गोळ्या आल्या. तांबे शिशापेक्षा हलके. तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला स्थिर ठेवायला नळीतला पीळ अधिक घट्ट लागतो. ०.२४३ च्या बऱ्याच जुन्या नळ्यांना १०० ग्रेनची तांब्याची गोळी पेलवत नाही. म्हणून स्कॉटलंडने २०२३ मध्ये मोठ्या हरणांसाठीची किमान मर्यादा १०० वरून ८० ग्रेनवर आणली. सहाही जातींना एकच रायफल हवी असेल, तर शेजाऱ्यांचे मत ६.५ किंवा ०.३०८ कडे झुकते. ‘पण तो दुसरा प्रश्न,’ ते म्हणाले. ‘कोणत्या अंतराच्या पुढे गोळी झाडायची नाही, हा पहिला. तो सुटला नसेल, तर कोणतेही कॅलिबर लहानच.’

बँकेत जोखीम तोलताना आम्ही पाहत असू, की निर्णय चुकला तर भरपाई कोण करणार. इथे निर्णय एकाचा आणि भरपाई दुसऱ्याची. त्या दुसऱ्याची सही कुठल्याच कागदावर नसते. म्हणूनच एवढे नियम.

हे ऐकताना मला विदर्भातली माझी शाखा आठवत होती. पीककर्ज घेतलेले शेतकरी रात्र-रात्र मळ्यातल्या माचाणावर जागत. रोही आणि रानडुकरे एका रात्रीत उभे पीक झोपवत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, ते योग्यच झाले. पिकांची नासाडी करणाऱ्या रोही-डुकरांना वनखात्याच्या परवानगीने मारण्याची वाट आहे, पण हाताशी येते ती कुंपणात सोडलेली वीज आणि पिठाच्या गोळ्यात दडवलेला गावठी बॉम्ब. त्या तारेला चिकटून वाघही मरतो, कधी शेजारचा शेतकरीही. जबडा फुटलेले डुक्कर किती दिवस जगते, ते विचारू नये.

प्राणी मारावा की मारू नये, यावर आपण हिरिरीने भांडतो आणि भांडावेही. पण तो वाद चालू असताना शिवारात मारणे थांबलेले नसते, आणि ते कसे होते याची चौकशी करायला कोणी जात नाही. स्कॉटलंडमधल्या त्या म्हाताऱ्याने आयुष्यभर फक्त तेवढीच चौकशी केली होती.