वडापावच्या गावात वडापावची कंपनी चालवणं अवघड का?



गेल्या वर्षी चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाचा 'व्यवसाय' हा भाग घेत होते. मुलांना सांगितलं होतं, "घरातली मोठी माणसं काय काम करतात ते पाच ओळींत लिहून आणा." आमचं पनवेल म्हणजे चारी वाटांचं गाव. त्यामुळे वह्यांमध्ये रिक्षा आली, एसटी आली, तळोजा एमआयडीसी आली, उरणच्या बंदरावरचे कंटेनर आले. एका मुलानं मात्र लिहिलं होतं, 'माझे बाबा फास्ट फूडच्या कंपनीत आहेत.'

त्याच्या बाबांची स्टेशनजवळ वडापावची गाडी आहे. मी स्वतः तिथे कित्येकदा खाल्लंय. वही तपासताना मी काही बोलले नाही, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण दोष थोडा माझाही होता. दर जूनच्या पालकसभेत मी सांगायचे, "डब्यात वडापाव देऊ नका." आणि त्याच वर्षी एका वाढदिवसाला सगळ्या वर्गासाठी बर्गरचे डबे आले, तेव्हा मी हसून आभार मानले, फोटोही काढला. दोन्ही गोष्टी त्या मुलानं पाहिल्या होत्या. पावात बटाटा घातलेला गाडीवरचा पदार्थ वाईट आणि पावात बटाटा घातलेला खोक्यातला पदार्थ चांगला, हे मीच नकळत शिकवलं होतं.

मग ठरवलं, हा विषयच वर्गात घ्यायचा. त्यासाठी जे वाचलं आणि जे मुलांबरोबर करून पाहिलं, ते इथे मांडते.

आधी वडापावची गोष्ट

वडापाव आपला खरा, पण त्यातलं सामान बघा. बटाटा आणि मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर आपल्याकडे आलेली. 'बटाटा' हा शब्दही त्यांच्याकडूनच आला आणि 'पाव'सुद्धा. बेसन, हळद, मोहरी, लसूण आपलं. बटाटावडा आपल्याकडे आधीपासून होताच. तो पावात घालून विकण्याचं श्रेय साधारणपणे दादर स्टेशनबाहेर गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांना दिलं जातं, साल १९६६. गिरणीत पाळीला जाणाऱ्या, लोकल पकडायला धावणाऱ्या माणसाला हे खाणं फार सोयीचं पडलं. ताट नको, चमचा नको, बसायला जागा नको आणि पोट भरतं.

आपल्या भागात त्याची वेगळी रूपं आहेत. कर्जत स्टेशनचा वडा इतका प्रसिद्ध का झाला, हे मुलांना जरूर विचारा. बोरघाट चढायला गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, त्यासाठी गाडी कर्जतला थांबते. गाडी थांबली की प्रवाशांना भूक लागते आणि गरम वडा खिडकीशी येतो. भूगोलाचा धडा आणि खाण्याचा धडा इथे एकच होतो.

मग कंपन्या आल्या

मॅकडोनाल्ड्स भारतात १९९६ साली आलं. पहिली दुकानं दिल्ली आणि मुंबईत निघाली. इथे गोमांस आणि डुकराचं मांस ठेवायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि पुढे बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर आणला. तो अजूनही चालतो. वर्गात एक मुलगी म्हणाली, "बाई, तो तर गोड वडापावच!" तिचं निरीक्षण चुकीचं नाही.

हे पाहून आपल्याकडच्या काही लोकांना वाटलं, बर्गरची चेन होते तर वडापावची का नाही? (चेन म्हणजे एकाच नावाची, एकाच चवीची गावोगावची दुकानं.) २००१ साली धीरज गुप्ता यांनी मालाड स्टेशनजवळ दुकान काढलं, त्यातून जम्बोकिंग उभं राहिलं. २००४ साली व्यंकटेश अय्यर यांनी कल्याणमध्ये गोली वडापाव सुरू केलं. आता आपल्या पनवेलकरांसाठी गंमत. गोलीनं आपले वडे कारखान्यात यंत्रावर बनवून घ्यायला सुरुवात केली, तो कारखाना व्हिस्टा प्रोसेस्ड फूड्सचा, म्हणजे आपल्याच तालुक्यातल्या तळोजा एमआयडीसीतला. मॅकडोनाल्ड्सला टिक्क्या पुरवणारी कंपनीही तीच. वडा आणि टिक्की एकाच घरची भावंडं झाली की नाही?

या दोन्ही कंपन्या बुडाल्या नाहीत, हे आधी स्पष्ट करते. पण त्यांनी पुढे काय केलं ते बघा. गोली कल्याणमधून निघाली आणि दुसऱ्या राज्यांतल्या अनेक शहरांत पसरली, जिथे वडापावची गाडी कोपऱ्याकोपऱ्यावर नाही. जम्बोकिंगचा मुख्य भर मुंबईवर राहिला, पण काही वर्षांनी स्वतःची ओळख 'इंडियन बर्गर' अशी करून देऊ लागलं. म्हणजे एकीनं गाव बदललं आणि दुसरीनं नाव. वडापावच्या गावात निव्वळ वडापावच्या नावावर मोठी कंपनी चालवणं सोपं नव्हतं, एवढं यातून नक्की दिसतं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं का?

नाही. जगात याची ठळक उदाहरणं आहेत.

मेक्सिकोमध्ये टाको हा आपल्या वडापावसारखा रस्त्यावरचा पदार्थ. मक्याची मऊ पोळी, त्यात मांस, कांदा, कोथिंबीर. अमेरिकेतल्या ग्लेन बेल यांनी १९६२ साली कॅलिफोर्नियात टाको बेल काढलं आणि कडक, तळलेल्या घडीतला टाको अमेरिकाभर नेला. ही कंपनी १९९२ साली मेक्सिको सिटीत गेली आणि थोड्याच काळात परतली. २००७ साली मॉन्टेरे शहरात पुन्हा प्रयत्न केला. या वेळी त्यांनी 'आम्ही मेक्सिकन नाही, अमेरिकन खाणं विकतो' अशीच भूमिका घेतली, सोबत बटाट्याचे फ्राइज ठेवले, कडक टाकोचं नावही बदललं. २०१० पर्यंत तीही दुकानं बंद झाली. ज्यांच्या आजीनं टाको करून घातला, त्यांना कडक टाको परकाच वाटला.

दुसरं उदाहरण डॉमिनोजचं. पिझ्झा इटलीचा. तो अमेरिकेत गेला, जाड झाला, त्यावर अननस चढला आणि २०१५ साली डॉमिनोजच्या रूपानं इटलीतल्या मिलानमध्ये परत आला. ८८० दुकानांचं स्वप्न होतं, प्रत्यक्षात तीसच्या आसपास झाली आणि २०२२ साली सगळी बंद पडली. त्यांचा भर घरपोच पिझ्झ्यावर होता. पण करोनाच्या काळात गल्लीतले पिझ्झावालेही मोबाइल अॅपवरून घरपोच देऊ लागले, मग लोकांनी परक्याकडून का घ्यावा?

आता याची दुसरी बाजू. तेच डॉमिनोज १९९६ पासून भारतात आहे आणि अमेरिकेबाहेरची त्यांची सर्वात मोठी बाजारपेठ आज भारतच आहे. कंपनी तीच, पिझ्झाही जवळपास तोच, मग निकाल उलटा का?

असं का होतं? मला समजलेली चार कारणं

१. तोंडातलं माप. मुलांना मी असं समजावलं: तुमच्या आईची आमटी कशी लागते हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. शेजारच्या घरी आमटी खाल्ली की लगेच म्हणता, 'आमच्यासारखी नाही.' पण शेजारी चिनी पदार्थ झाला तर असं म्हणत नाही, कारण तो मोजायला तुमच्याकडे मापच नाही. भारतात पिझ्झ्याचं माप कोणाकडे नव्हतं. इटलीत ते प्रत्येकाच्या तोंडात होतं. म्हणूनच मॅकडोनाल्ड्सची टिक्की 'बर्गर' म्हणून आली तेव्हा तिला कोणी वडापावची फुटपट्टी लावली नाही. पाटीवर 'वडापाव' लिहिलं की मात्र फुटपट्टी लगेच बाहेर येते.

२. किंमत. मूळ गावात तो पदार्थ बहुतेक वेळा गरिबाचं, घाईतलं खाणं असतो. आपल्याकडे गाडीवर वडापाव साधारण १५ ते २० रुपयांना मिळतो. दुकानाला भाडं, वीज, गणवेश, जाहिरात, थंड गाडीतून आलेला माल, असा सगळा खर्च पडतो.

३. ताजेपणा. चेनला चव सगळीकडे एकसारखी ठेवायची असते, त्यासाठी माल एका ठिकाणी बनवून, गोठवून पाठवणं सोयीचं पडतं. गाडीवाला मात्र समोर घाणा काढतो. वडा कढईतून थेट पावात येतो. चटणी जास्त हवी, मिरची करपवून हवी, चुरा हवा, हे सगळं तिथे तोंडानं मागता येतं.

४. ओळख. अनोळखी गावात आपण ओळखीची पाटी शोधतो, कारण तिथे कोणावर विश्वास ठेवायचा ते कळत नाही. एक्स्प्रेसवेवर मोठ्या नावांची दुकानं चालतात ती यामुळेच. पण स्वतःच्या गावात पाटीची गरज काय? पळस्प्याला दत्त स्नॅक्सपाशी गाडी थांबवायची हे मुंबई-गोवा रस्त्यानं जाणाऱ्याला सांगावं लागत नाही. चेन जो विश्वास विकते, तो मूळ गावात आधीच फुकट मिळालेला असतो.

वर्गात केलेलं गणित

दुसऱ्या कारणावर आम्ही गणित केलं. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. समजा, सामान सोडून एका गाडीचा रोजचा बाकीचा खर्च ६०० रुपये आणि एका दुकानाचा ६००० रुपये. दोघंही दिवसाला ३०० वडापाव विकतात. तर प्रत्येक वडापाववर खर्चाचा बोजा किती?

गाडी: ६०० ÷ ३०० = २ रुपये.
दुकान: ६००० ÷ ३०० = २० रुपये.

पुढचा प्रश्न: दुकानाला हा बोजा २ रुपयांवर आणायचा असेल तर रोज किती वडापाव विकावे लागतील? उत्तर ३०००. भागाकार करून झाल्यावर एक मुलगा म्हणाला, "एवढे कोण खाणार बाई, बाहेर गाडी उभी असताना?" अर्थशास्त्राचा पहिला धडा त्यानं स्वतःच शोधला. चौथीचा भागाकार एरवी रटाळ होतो, या दिवशी झाला नाही.

मग चेन वाईट आणि गाडी चांगली?

असं शिकवू नका, ही विनंती. चेननं काही चांगल्या सवयी आणल्या आहेत. स्वच्छ टेबल, हातमोजे, छापील बिल, बायकांना आणि लहान मुलांना निवांत बसता येईल अशी जागा, काही ठिकाणी स्वच्छतागृह. गाडीवर काळं झालेलं तेल पुन्हा पुन्हा वापरलं जात असेल तर ते पोटाला वाईटच. वर्तमानपत्रात तळलेले पदार्थ बांधू नयेत, त्यातली शाई अन्नात उतरते, असं एफएसएसएआयनं २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्येही सांगितलं आहे. दुसऱ्या बाजूला, काचेच्या दुकानातला बर्गरही तळलेलाच असतो आणि सोबत थंड पेयाची साखर असते.

शिवाय परत आलेला प्रत्येक पदार्थ हरतोच असंही नाही. स्टारबक्स २०१८ साली कॉफीवेड्या मिलानमध्ये गेलं आणि टिकलं. उलटा प्रवास करणारं ताजं उदाहरण हवं असेल तर 'करी' घ्या. ती भारतातून इंग्रजांबरोबर गेली, त्यांच्यामार्फत जपानला पोचली, तिथे गोडसर, दाट झाली आणि २०२० साली कोको इचिबान्या या जपानी चेननं गुरुग्राममध्ये दुकान काढून ती भारतात आणली. वरची चार कारणं लावून तिचं काय होईल, हा प्रश्न पाचवी ते सातवीच्या मुलांना चर्चेला छान आहे.

आणि तो मुलगा

मी त्याच्या बाबांना गाडीवर जाऊन विचारलं, "दादा, एक दिवस वर्गात याल का? मुलांना तुमचं काम सांगायचंय." ते आधी संकोचले. "आम्ही काय सांगणार बाई, शिकलेलो नाही." पण आले. सकाळी किती वाजता उठतात, बटाटा महाग झाला की काय करतात, पावसात गिऱ्हाईक वाढतं की घटतं, तेल कधी बदलतात, हे सगळं सांगितलं. मुलांचे प्रश्न संपेनात. "तेल रोज बदलता का?" हा प्रश्नही आला आणि त्यांनी तो टाळला नाही. "रोज नाही जमत, एक दिवसाआड बदलतो," म्हणाले. रोज बदलायला किती खर्च येईल, याचंही गणित मुलांनी लगेच फळ्यावर करून दाखवलं.

वहीतलं ते वाक्य मी त्या मुलाला खोडायला सांगितलं नाही. त्या दिवशी तो बाबांच्या शेजारी उभा राहून मुलांना चटणीतलं लसूण, खोबरं, तिखट किती ते सांगत होता, एवढं मला पुरे होतं.

मी मात्र माझं वाक्य बदललं. यंदाच्या पालकसभेत सांगितलं, "डब्यात रोज तळलेलं नको, मग ते गाडीवरचं असो की मॉलमधलं. आणि वर्गात वाढदिवसाला काही आणायचं तर फळं आणा." हाच नियम आता सगळ्यांना सारखा.

शिक्षकांनो, हा उपक्रम आपल्या गावातल्या पदार्थावर करून बघा. कोल्हापूर-पुण्यात मिसळ, सोलापुरात शेंगाचटणी, नागपुरात तर्री-पोहे. त्या पदार्थाचं सामान कुठून आलं, तो कोणासाठी तयार झाला, आज कोण विकतं आणि त्याची चेन निघाली तर चालेल का, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. पालकांनो, घरी वडापाव कराल तेव्हा मुलांना बटाटे कुस्करायला बसवा आणि एका वड्याला किती खर्च आला ते त्यांच्याकडूनच काढून घ्या. काय उत्तर आलं ते मला जरूर कळवा.